एनपीआर रिंग लेसर: खरंच लॉक झालाय की नुसता तसा दिसतोय?

अर्धतरंग (धागाकर्ता)

एर्बियमची मोड-लॉक्ड लेसर रिंग बांधली आहे, एनपीआरवर (नॉनलिनिअर पोलरायझेशन रोटेशन: तीव्रतेनुसार प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरणं) चालणारी. घटक नेहमीचेच: ९७६ नॅनोमीटरचा पंप डायोड, डब्ल्यूडीएम कपलर (पंप आणि लेसरचा प्रकाश एकाच फायबरमध्ये आणणारा), साधारण एक मीटर एर्बियम फायबर, बाकी साधं सिंगल-मोड फायबर, पोलरायझरसह येणारा आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा), त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पॅडल्सचे पोलरायझेशन कंट्रोलर आणि १० टक्के प्रकाश बाहेर काढणारा कपलर. एकूण लांबी १० मीटरच्या आसपास.

पंप वाढवून पॅडल्स फिरवली की आधी ऑसिलोस्कोपवर काही दहा किलोहर्ट्झचे जाडजूड उमाळे दिसतात. हे क्यू-स्विचिंग (साठलेली ऊर्जा थांबून थांबून लांब पल्समध्ये सुटणं), एवढं कळतं. आणखी फिरवत राहिलं की कधीतरी अचानक २०.४ मेगाहर्ट्झची नीट रांग उभी राहते. लांबीच्या हिशोबानेही हीच वारंवारता यायला हवी. स्पेक्ट्रम रुंद आणि गुळगुळीत, कुठे एक काटा नाही. ऑटोकोरिलेटरवर (पल्सची स्वतःच्याच प्रतीशी तुलना करून रुंदी मोजणारं यंत्र) मधोमध बारीक सुळका, आणि त्याच्या खाली दोन्ही बाजूंना मर्यादेपर्यंत पसरलेला पाया. सुळक्यावरून रुंदी १५० फेम्टोसेकंद येते.

मग टेबलाला कुणाचा तरी हात लागतो आणि सगळं गायब. पुन्हा पॅडल्स, पुन्हा नशीब.

तर विचारायचं हे की १५० हा आकडा धरून चालावं का? आणि पॅडल्स आंधळेपणाने फिरवण्यापलीकडे काही पद्धत आहे का?

उगाचच_विचारतो

मी या क्षेत्रातला नाही, पण शीर्षक पाहून आत आलो. 'लॉक' कोण कुणाला करतं? आणि प्रकाश स्वतःचं पोलरायझेशन स्वतःच फिरवतो असं मागच्या एका धाग्यात वाचलं होतं, ते काही केल्या पचलं नाही.

तंतुवाद्य

आधी तुमचं घेतो, धागाकर्त्यांनाही त्यातच उत्तर सापडेल.

१० मीटरच्या रिंगमध्ये प्रकाशाला एक फेरी मारायला सुमारे ४९ नॅनोसेकंद लागतात. फेरी पुरी झाल्यावर ज्यांची लाट स्वतःशीच जुळते तेवढ्याच वारंवारता आत टिकतात, आणि त्या एकमेकींपासून २०.४ मेगाहर्ट्झवर असतात. एर्बियमच्या पट्ट्यातले पाच नॅनोमीटर धरले तरी असे तीसेक हजार मोड मावतात. प्रत्येकाची फेज आपापली असेल तर बाहेर येतो तो खळबळणारा पण सलग प्रकाश. सगळ्यांच्या फेज एकमेकींशी बांधल्या गेल्या की ऊर्जा एका क्षणात गोळा होते, आणि दर फेरीला एक पल्स कपलरमधून बाहेर पडते. हेच लॉकिंग. पॅसिव्ह म्हणजे बाहेरून ताल देणारं कुणी नाही. रिंगमध्येच अशी व्यवस्था हवी की तीव्र प्रकाशाला कमी नुकसान व्हावं आणि मंद प्रकाशाला जास्त. एर्बियमची उत्तेजित पातळी दहाएक मिलिसेकंद टिकते, त्यामुळे ४९ नॅनोसेकंदांच्या फेरीत गेन (प्रकाश वाढवण्याची क्रिया) असा भेदभाव करू शकत नाही. ते काम दुसऱ्या कुणालातरी करावं लागतं.

आता पोलरायझेशन. काचेचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर किंचित वाढतो, हा केर परिणाम. लंबवर्तुळी पोलरायझेशन म्हणजे उलटसुलट दिशांनी फिरणारे दोन वर्तुळाकार घटक, एक मोठा आणि एक छोटा. मजा अशी, की प्रत्येक घटकाला स्वतःच्या तीव्रतेमुळे जेवढी फेज मिळते त्याच्या दुप्पट ती समोरच्याच्या तीव्रतेमुळे मिळते. म्हणून छोट्याला जास्त फेज, मोठ्याला कमी. दोघांत फेजचा फरक पडतो आणि लंबवर्तुळ आकार न बदलता अख्खं कलतं. किती कलतं? नॉनलिनिअर फेजचा एक तृतीयांश, गुणिले लंबवर्तुळता-कोनाच्या दुपटीचा साइन. सरळ रेषेतलं पोलरायझेशन असेल तर दोन्ही घटक समान, फरक शून्य. पूर्ण वर्तुळाकार असेल तर कलण्यासारखं काही उरतच नाही. काम होतं ते या दोन टोकांच्या मध्ये.

मेकर, टरह्यून आणि सॅव्हेज यांनी १९६४ साली द्रवांमध्ये हे कलणं दाखवलं. फायबरमध्ये तीव्र आणि मंद प्रकाश वेगळे करायला पोलरायझेशनचा उपयोग होतो, हे स्टोलेन, बोटिनो आणि अॅश्किन यांनी १९८२ मध्ये मांडलं. (हे अॅश्किन म्हणजे ऑप्टिकल ट्वीझर्सबद्दल २०१८ चं नोबेल मिळालेलेच.) एर्बियम रिंगमध्ये ही युक्ती स्थिरावली १९९२ च्या सुमारास, साउदॅम्प्टन आणि एमआयटी इथल्या गटांच्या कामातून.

आकडे घालून पाहा. साध्या फायबरमध्ये दर वॉटला, दर किलोमीटरला साधारण १.३ रेडियन नॉनलिनिअर फेज मिळते. रिंगमध्ये सलग २ मिलिवॉट फिरत असतील तर १० मीटरमध्ये एक रेडियनच्या लाखाव्या भागाच्या अडीचपट वगैरे, म्हणजे काहीच नाही. तेच २ मिलिवॉट अर्ध्या पिकोसेकंदाच्या पल्समध्ये गोळा केले तर शिखरावर पावणेदोनशे-दोनशे वॉट होतात आणि फेज अडीच रेडियनच्या घरात जाते. एक तृतीयांश घेऊन साइनने गुणलं तरी लंबवर्तुळ वीस-तीस अंश सहज कलतं. (हिशोब ढोबळ आहे. खऱ्या फायबरमध्ये वळणांमुळे आणि ताणामुळे बायरिफ्रिंजन्स, म्हणजे दोन पोलरायझेशनना वेगवेगळा अपवर्तनांक, असतो, तो यात धरलेला नाही.)

पुढे उभा पोलरायझर. पल्सच्या शिखराचं पोलरायझेशन वेगळं आणि पायथ्याचं वेगळं. कंट्रोलर असा लावायचा की शिखर पार व्हावं आणि पायथा अडावा. दर फेरीला पल्सच्या कडा छाटल्या जातात.

उगाचच_विचारतो

आता पचलं. म्हणजे वेगळा पदार्थ वगैरे काही नाहीच, काचच शोषक असल्याचं सोंग वठवते.

तंतुवाद्य

अगदी. म्हणूनच त्याला कृत्रिम सॅच्युरेबल अॅब्सॉर्बर (तीव्र प्रकाशाला कमी अडवणारा शोषक) म्हणतात. काही शोषलं जात नाही. नको असलेला प्रकाश पोलरायझरवर बाहेर फेकला जातो. केर परिणाम काही फेम्टोसेकंदांत प्रतिसाद देतो, त्यामुळे वेगाच्या बाबतीत याच्या जवळपास येणारे पदार्थ फार थोडे.

कोनमापक

तंतुवाद्य यांचा प्रतिसाद उत्तम, पण धागाकर्त्यांची अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे.

पोलरायझर, फायबर, पुन्हा पोलरायझर ही रचना म्हणजे इंटरफेरोमीटर. दोन बाहू वेगवेगळ्या वाटांनी न जाता एकाच फायबरमधून दोन पोलरायझेशनच्या रूपात जातात, इतकाच फरक. त्यामुळे पार होणारा प्रकाश एका कोसाइनवर चालतो आणि त्या कोसाइनच्या आत दोन फेजांची बेरीज असते: एक पॅडल्सनी आणि बायरिफ्रिंजन्सने ठरणारी, दुसरी तीव्रतेने ठरणारी. पॅडल फिरवताना तुम्ही फक्त पहिली सरकवता, म्हणजे कोसाइनवर सुरुवात कुठून करायची ते ठरवता.

ही सुरुवातीची जागा दरीच्या तळाशी असेल तर मंद प्रकाशाला फार नुकसान होतं, आणि तिथे वक्राला चढही नसतो. कागदावर भेद सर्वात मोठा, पण रिकाम्या रिंगमधून पल्स आपणहून जन्मत नाही. जागा चढावर असेल तर तीव्रतेतल्या बारीक चढउतारालाही फायदा मिळतो आणि लॉकिंग आपसूक सुरू होतं. शिखराच्या आधी थोडीच जागा उरली असेल तर पल्स वाढता वाढता शिखर ओलांडते, आणि तिथून पुढे जास्त तीव्रतेला जास्त नुकसान. मग पल्स फुटते, दोन-तीन होतात, किंवा सगळाच गोंधळ माजतो. खऱ्या सॅच्युरेबल अॅब्सॉर्बरला हा उतार सहसा नसतो. एनपीआरला तो असतोच, कारण कोसाइन परत खाली येतो.

आता दोन कटकटी. एक, सुरुवातीची जागा तुम्हाला दिसत नाही. पॅडलच्या कोनावरून ती कळत नाही, कारण फायबर कसं पडलंय त्यावर ती अवलंबून असते. दुसरी, ती स्थिर राहत नाही. तापमान दोन अंश बदललं, फायबरचं वेटोळं सरकलं, की पहिली फेज बदलते. टेबलाला हात लागल्यावर लॉक जातो तो धक्क्याने पल्स पडते म्हणून कमी, आणि बायरिफ्रिंजन्स बदलून ही जागा सरकते म्हणून जास्त. मी एनपीआरच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं मूळ इथेच शोधतो.

हीच फेज तरंगलांबीप्रमाणेही बदलते, त्यामुळे रिंगमध्ये नकळत एक लायो फिल्टर, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच पार करणारी गाळणी, तयार झालेला असतो. पॅडल फिरवल्यावर स्पेक्ट्रम १५३० वरून १५६० नॅनोमीटरकडे उडी मारतो तो यामुळेच.

अर्धतरंग (धागाकर्ता)

ती उडी रोज पाहतो! डायोडचं काहीतरी बिघडलंय असं वाटत होतं. पण १५० फेम्टोसेकंदांचं काय?

संथगती

त्याबद्दल मी बोलतो, वाईट बातमी आहे. ते १५० विसरा.

गुळगुळीत रुंद स्पेक्ट्रम, लांब पायावर बारीक सुळका आणि तरीही स्कोपवर सुंदर रांग हे नॉइज-लाइक पल्सचं लक्षण. रिंगमध्ये दर फेरीला जे गाठोडं फिरतंय ते शेकडो पिकोसेकंद किंवा त्याहून लांब असणार, आणि त्याच्या आत वेड्यावाकड्या, दर फेरीला बदलणाऱ्या बारीक पल्सेसची गर्दी असणार. सुळका त्या गर्दीचा सुसंगतता-काळ सांगतो, पल्सची रुंदी नव्हे. सुळका आणि पाया यांच्या उंचीचं प्रमाण पाहा. पार्श्वभूमी-विरहित ऑटोकोरिलेशनमध्ये ते २:१ च्या आसपास आलं तर शंकेला जागाच उरत नाही. होरोविट्झ, बराड आणि सिल्बरबर्ग यांनी १९९७ मध्ये एर्बियम लेसरमध्ये ही अवस्था नीट वर्णन केली आहे.

स्पेक्ट्रम गुळगुळीत दिसतो कारण तुमचा विश्लेषक हजारो-लाखो फेऱ्यांची सरासरी दाखवतो. काही किलोमीटर फायबरमधून प्रकाश पाठवून स्पेक्ट्रम काळात पसरवलात आणि वेगवान डिटेक्टरने एकेक पल्स पाहिलीत तर प्रत्येकीचा चेहरा वेगळा दिसेल. तेवढी सामग्री हाताशी नसेल तर आरएफ (रेडिओ वारंवारतांच्या) विश्लेषकावर २०.४ मेगाहर्ट्झची रेषा पाहा. तिच्या पायथ्याशी उंच फुगवटा असेल तर लॉक खोटा. चांगल्या सोलिटॉन (पसरणं आणि केर परिणाम तोलून आकार टिकवणारी पल्स) लेसरची रेषा पार्श्वभूमीपासून ६०-७० डेसिबल वर, अरुंद आणि स्वच्छ असते.

स्कोपवरची रांग हा पुरावाच नाही. डिटेक्टर आणि स्कोप मिळून फार तर काही दहा पिकोसेकंदांपर्यंत पाहू शकतात. त्याच्या आत एक पल्स आहे की बाजार भरलाय, त्यांना कळत नाही.

अर्धतरंग (धागाकर्ता)

प्रमाण जवळपास २:१ च आहे. वही दुरुस्त करतो. पण 'काटे नसलेला स्पेक्ट्रम म्हणजे स्वच्छ लॉक' असं मला सांगितलं गेलं होतं.

संथगती

तुमच्या रिंगसाठी नेमकं उलटं. साध्या फायबरचा डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबींचा वेग वेगळा असणं) १५५० नॅनोमीटरला ऋण बाजूचा, दर किलोमीटरला सुमारे उणे २२ चौरस पिकोसेकंद. रिंग जवळजवळ सगळी तशाच फायबरची, तेव्हा तिच्यात सोलिटॉन फिरायला हवा. सोलिटॉनला दर फेरीला कुठे गेन, कुठे नुकसान असे हादरे बसतात आणि दर वेळी तो थोडा प्रकाश सांडतो. सांडलेला प्रकाश ज्या वारंवारतांना दर फेरीनंतर सोलिटॉनशी जुळून येतो, तिथे तो साठत जातो आणि स्पेक्ट्रमवर दोन्ही बाजूंना सममित काटे उगवतात. केली यांनी १९९२ मध्ये त्यांचं गणित मांडलं, म्हणून केली साइडबँड्स. तुमच्या रिंगमध्ये ते नसणं हाच संशयाचा मुद्दा होता.

मधलाबाक

सगळं खरं, पण हा छळ हवाय कशाला? सेमीकंडक्टरचा सॅच्युरेबल आरसा लावा, पोलरायझेशन राखणारं फायबर घ्या, बटण दाबा, चालू. नाहीतर नॉनलिनिअर लूप मिरर असलेली 'फिगर नाइन' रचना घ्या. व्यावसायिक लेसर बनवणारे कितीतरी जण तिकडे गेले ते उगाच नाही. एनपीआर ही प्रयोगशाळेतली हौस आहे.

कोनमापक

कारखान्यातून पेटीत बसवून पाठवायचा असेल तर मान्य, वाद नाही. पण 'हौस' म्हणू नका. त्या सेमीकंडक्टर आरशाचा प्रतिसाद पिकोसेकंदांच्या पातळीवर असतो, तो वापरानुसार खराब होऊ शकतो, आणि प्रत्येक तरंगलांबीला वेगळा नमुना लागतो. एनपीआर एर्बियममध्ये चालतं, इटर्बियममध्ये चालतं, थुलियममध्ये चालतं. लागतं फक्त फायबर आणि पोलरायझर. १९९३ मध्ये तामुरा, इपेन, हाउस आणि नेल्सन यांनी धन आणि ऋण डिस्पर्शनची फायबरं जोडून ७७ फेम्टोसेकंदांची पल्स काढली ती यावरच. २००६ मध्ये कॉर्नेलमधल्या वाइज यांच्या गटाने ऋण डिस्पर्शन अजिबात न वापरता, फक्त स्पेक्ट्रल फिल्टरच्या जोरावर इटर्बियम लेसर लॉक केला, तेव्हाही भेद करायला एनपीआरच होतं.

मधलाबाक

आणि त्या सगळ्यांच्या प्रयोगशाळेत पॅडलवर हात ठेवून बसलेलं कुणीतरी होतंच ना? 😄 पोलरायझेशन राखणाऱ्या फायबरमध्ये एनपीआर चालत का नाही, हे तरी सांगा. मग दोन्हीचा मेळ बसला असता.

तंतुवाद्य

सरळ घातलं तर चालत नाही. एका अक्षावर प्रकाश सोडला तर तो रेषीयच राहतो, कलायला लंबवर्तुळ मिळत नाही. दोन्ही अक्षांवर सोडला तर दोन घटकांचा वेग वेगळा, मीटरभरात पिकोसेकंदाहून जास्त अंतर पडतं आणि अर्ध्या पिकोसेकंदाच्या पल्सचे दोन तुकडे एकमेकांना भेटतच नाहीत. उपाय म्हणून फायबरचे तुकडे अक्ष ९० अंशांत फिरवून जोडतात, म्हणजे एका तुकड्यात मागे पडलेला घटक पुढच्यात भरून काढतो. अशा रिंगा चालवून दाखवल्या गेल्या आहेत. पण तुकड्यांची लांबी आणि स्प्लाइसचे (जोडांचे) कोन अचूक लागतात, आणि एकदा जोडलं की पॅडल फिरवून सुधारायची सोय गेली.

दुसरी वाट म्हणजे पॅडलवर माणसाऐवजी यंत्र बसवणं: विद्युत-नियंत्रित पोलरायझेशन कंट्रोलर आणि त्याला चालवणारा शोध-अल्गोरिदम. २०१५-१६ पासून उत्क्रांतीवर बेतलेल्या अल्गोरिदमनी अशा रिंगा आपोआप लॉक करून दाखवल्या आहेत.

संथगती

यंत्राला बक्षीस कशाबद्दल द्यायचं हे मात्र जपून ठरवा. 'स्पेक्ट्रम जितका रुंद तितके गुण' असं सांगितलंत तर ते इमानेइतबारे नॉइज-लाइक अवस्थेत जाऊन बसेल आणि पैकीच्या पैकी गुण घेईल.

कोनमापक

अर्धतरंग, पॅडल्सबद्दल तुमचा प्रश्न राहिलाच. मी असं करतो.

पंप आधी भरपूर वर न्यायचा. लॉक सुरू व्हायला लागणारी शक्ती ही लॉक टिकायला लागणाऱ्या शक्तीपेक्षा बरीच जास्त असते. मग दोन्ही कंट्रोलरमधलं मधलं, अर्ध-तरंगाचं पॅडल स्थिर ठेवून बाजूची पाव-तरंगाची पॅडल्स हळूहळू पूर्ण फिरवायची. सगळं आलटून पालटून फिरवत राहिलं तर आपण कुठे होतो तेच कळत नाही. नजर स्कोपइतकीच स्पेक्ट्रमवर ठेवायची. क्यू-स्विचिंगचे उमाळे दिसले तर चिडू नका, तीव्रतेला फायदा देणाऱ्या चढावर असल्याची ती खूण असते. तिथेच आसपास एकेका पॅडलला बारीक हलवत राहायचं.

लॉक लागला की हात काढायचा आणि पंप खाली आणायचा. ही पायरी लोक गाळतात. जास्त पंपावर एकतर दोन-चार पल्सेस असतात, नाहीतर तुमच्यासारखं गाठोडं. सोलिटॉनची ऊर्जा डिस्पर्शन आणि रुंदी यांनी ठरते. जास्तीची ऊर्जा तो घेत नाही, नवा सोलिटॉन उभा राहतो. पंप कमी करत गेलात की ते पायरीपायरीने कमी होताना दिसतील. शेवटी एक उरला की थांबायचं. गाठोडं पंप उतरवूनही सोलिटॉन व्हायला तयार नसेल तर सुरुवातीची जागा शिखराच्या फार जवळ आहे, पाव-तरंगाचं पॅडल थोडं सरकवून पुन्हा वरून सुरुवात करा.

लॉक आपणहून सुरूच होत नसेल तर परतीचे प्रकाश शोधा. सपाट टोकाचा एखादा कनेक्टर, निष्काळजी स्प्लाइस, कपलरचं मोकळं सोडलेलं टोक, एवढंही पुरतं. तिरक्या टोकाचे कनेक्टर वापरा, मोकळी टोकं तिरकी कापा. एकाच दिशेची रिंग आपणहून लॉक व्हायला सरळ पोकळीपेक्षा सोपी जाते, हे एमआयटीच्या गटाने १९९३ मध्येच दाखवलं होतं, पण परावर्तनं राहिली तर तो फायदा वाया जातो.

आणि फायबर टेबलाला चिकटवा हो. अख्खं. पॅडल्समधून बाहेर लोंबणारा तुकडाही.

अर्धतरंग (धागाकर्ता)

चिकटवलं. एक सपाट कनेक्टर सापडला, तो काढून थेट स्प्लाइस केलं. वरून पंप उतरवत आलो तर वाटेत दोन टप्प्यांवर स्पेक्ट्रम आणि रांग दोन्ही बदलले, आणि मग काटे उगवले!

मोजमापं: स्पेक्ट्रमची रुंदी ५.२ नॅनोमीटर. पहिले काटे मध्यापासून ८.५ वर, दुसरे १२.९ वर (दोन्ही बाजूंची सरासरी). ऑटोकोरिलेशनची रुंदी ०.७७ पिकोसेकंद, पाया शून्य. सोलिटॉनच्या आकारासाठीच्या १.५४ ने भागून पल्स ०.५० पिकोसेकंद. रुंदी आणि स्पेक्ट्रम यांचा गुणाकार ०.३२ ते ०.३३.

संथगती

सोलिटॉनसाठी किमान ०.३१५, म्हणजे छानच.

आता त्या काट्यांतून आणखी काढा. त्यांची अंतरं टेराहर्ट्झमध्ये आणून वर्ग करा: पहिल्याचा १.१३, दुसऱ्याचा २.५९. हे वर्ग काट्याच्या क्रमांकाबरोबर सरळ रेषेत वाढतात आणि रेषेचा चढ म्हणजे एक भागिले (π गुणिले रिंगचा एकूण डिस्पर्शन). चढ १.४७ आला तर डिस्पर्शन ०.२२ चौरस पिकोसेकंद, १० मीटरसाठी दर किलोमीटरला सुमारे २२. साध्या फायबरची रिंग म्हणून शोभतं. तीच रेषा शून्य क्रमांकापर्यंत मागे नेलीत तर तिथल्या आकड्यातून पल्सची रुंदी निघते. माझ्या हिशोबाने ०.४८ पिकोसेकंद.

ऑटोकोरिलेटरशिवाय काढलेला आकडा तुमच्या ०.५० पासून इतक्या जवळ बसला. उरलेला फरक तुमच्या कपलरपासून ऑटोकोरिलेटरपर्यंत जाणाऱ्या फायबरचाही असू शकेल, त्याची लांबी मोजून ठेवा.

अर्धतरंग (धागाकर्ता)

दीड मीटर आहे. कापून पुन्हा मोजतो.